बाकावर बसायचं तिकीट

२००३ सालच्या मे महिन्यातला एक फोटो आमच्या घरी आहे. फोटोत माझी आई सिमेंटच्या बाकावर बसली आहे. शेजारी तीन पिशव्या, पायाशी आम्हा चौघांच्या चपला-बूट ओळीनं मांडलेले, मांडीवर सुनेची पर्स, हातात नातवाची वॉटरबॅग. मागं एक मोठा पाळणा आहे, पण तो फिरता असल्यामुळं नुसते रंगाचे फराटे दिसतात. फोटो मी काढला आणि कॅमेराही तिच्याच हातात देऊन पाळण्याच्या रांगेत शिरलो.

परगावचं एक मनोरंजन उद्यान होतं ते. नाव सांगण्यात अर्थ नाही. असे नियम बहुतेक ठिकाणी असतात. आईनं पहाटे उठून दशम्या केल्या होत्या, लसणाची चटणी आणि कैरीचा तक्कू बरोबर घेतला होता. दारात पहारेकऱ्यानं पिशव्या उघडायला लावल्या. बाहेरचं खाणं आत न्यायचं नाही, म्हणून डबा एका फळीवर गेला आणि त्याच्या बदल्यात नंबराचा पत्र्याचा बिल्ला मिळाला. मग तिकिटाची खिडकी. माणसं पाच, तिकिटं पाच. आई खिडकीशी वाकून म्हणाली, "मी कशात बसणार नाही हो. मी नुसती बाकावर बसणार." आतल्या मुलानं वर न बघता सांगितलं, आत आलं की तिकीट. आई माझ्याकडे वळली. "अरे, बाकावर बसायचंही तिकीट?"

दुपारी आतल्या उपाहारगृहात आम्ही जेवलो. आईनं काही घेतलं नाही. आज चतुर्थी आहे म्हणाली. चतुर्थी नव्हती.

त्या वेळी मी हसून वेळ मारून नेली. पण तिचा प्रश्न डोक्यातून गेला नाही, आणि पुढं जुन्या जत्रा, सर्कशी, प्रदर्शनं यांच्या इतिहासात मी जो काही चाचपडत वाचत गेलो, त्यात दर वेळी त्या बाकाशी येऊन थांबलो. गंमत अशी की आज जगभर कुटुंबं सुट्टी काढून, हॉटेलात राहून, दिवसभर पाळण्यांत बसायला ज्या उद्यानांत जातात, त्यांच्या जन्मकथेतही एक बाक आहे.

ही कथा वॉल्ट डिस्नेनं स्वतः मुलाखतीत सांगितली आहे. त्याला दोन मुली. शनिवारी तो त्यांना फिरायला न्यायचा. लॉस एंजेलिसमधल्या ग्रिफिथ पार्कात लाकडी घोड्यांची चक्री आहे, मेरी-गो-राउंड. मुली घोड्यावर बसून फिरायच्या आणि बाप बाकावर बसून शेंगदाणे खायचा. बसल्या बसल्या त्याच्या मनात आलं, की मुलं आणि आईबाप मिळून मजा करतील असं काहीतरी असायला हवं. ग्रिफिथ पार्कातला एक बाक आता डिस्नेलँडमध्ये जपून ठेवला आहे, तीर्थक्षेत्री पादुका ठेवतात तसा.

कथा खरी आहे, पण तिच्यात एक वाक्य अध्याहृत आहे. बापाला बाकावर बसावं लागलं, कारण तोवरच्या करमणुकीत पोरांच्या बापाला, त्याहून जास्त पोरांच्या आईला, जागाच नव्हती. हे समजायला जरा मागं जावं लागतं.

लंडनची व्हॉक्सहॉल बाग सतराव्या शतकातली. पुढं जोनाथन टायर्स नावाच्या माणसानं ती चालवायला घेतली आणि अठराव्या शतकात तिला नाव मिळवून दिलं. एक शिलिंग तिकीट. संध्याकाळी हजारो दिवे जवळजवळ एकदम पेटवत, लोक त्यासाठीच येत. खाण्यासाठी कोनाडेवजा खोल्या होत्या, आणि तिथलं हॅम इतकं पातळ कापत की त्याच्यातून वर्तमानपत्र वाचता येईल, अशी चेष्टा लोक करत. म्हणजे करमणुकीच्या बागेत खाणं महाग आणि तोकडं असतं ही तक्रार तेव्हापासूनची. याच बागेत १७६० नंतर फ्रान्सिस हेमन या चित्रकाराचं एक भलं मोठं चित्र लावलं होतं: प्लासीच्या लढाईनंतर रॉबर्ट क्लाइव्ह मीर जाफरला भेटतो आहे. आपला देश हातातून जात होता आणि त्याचं चित्र बघायला लंडनकर शिलिंग मोजून येत होते. विषयांतर झालं खरं, पण तिकीट लावून काय काय दाखवता येतं याचा तो एक नमुना आहे. या बागेत पोरंबाळं फारशी नसत. ती जागा जोडप्यांची, दिखाव्याची आणि अंधाऱ्या वाटांची.

घरादारासह रमायची जागा म्हणून कोपनहेगनच्या तिवोलीकडे बोट दाखवता येईल. गेऑर्ग कार्स्टेन्सननं ती १५ ऑगस्ट १८४३ ला उघडली. शहराच्या तटाबाहेरची जमीन, जुन्या खंदकाचं तळं, दिवे, फुलझाडं, संगीत. १९५१ साली डिस्ने तिथं गेला तेव्हा तो सारखा टिपणं काढत होता, असं त्याच्याबरोबर असलेल्या आर्ट लिंकलेटर या कार्यक्रम-निवेदकानं सांगून ठेवलं आहे. स्वच्छता, बाकांची रचना, खाण्याच्या जागा. पाळण्यांपेक्षा त्याचं लक्ष पाळण्यांच्या मधल्या जागेकडे होतं.

अमेरिकेत मात्र कथा वेगळ्या अंगानं गेली. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात जॉर्ज फेरिस या इंजिनियरनं २६४ फूट उंचीचा पाळणा उभा केला. ३६ डबे, एकेका डब्यात ६० माणसं. प्रदर्शनाचं तिकीट ५० सेंट आणि पाळण्याचं आणखी ५० सेंट. (पाळणा काही फेरिसनं शोधला नाही. १६२० साली पीटर मंडी या इंग्रज प्रवाशानं बाल्कन प्रांतात लाकडी पाळणे फिरताना पाहून लिहून ठेवलं आहे. हाच मंडी पुढं सुरतेला आला.) शिकागोचा पाळणा पाहायला मधुचंद्राला निघालेला जॉर्ज टिल्यू नावाचा एक तरुण आला होता. त्याला पाळणा विकत हवा होता, पण तो मिळण्यातला नव्हता. टिल्यूनं निम्म्याहून लहान पाळणा बनवून घेतला, न्यूयॉर्कजवळ कोनी आयलंडच्या समुद्रकिनारी उभा केला, आणि जगातला सर्वांत मोठा पाळणा अशी पाटी ठोकून दिली. सुट्टीतून माणसं काहीबाही घेऊन येतात, यानं धंदा आणला.

कोनी आयलंडला तोवर दार नव्हतं. समुद्र, वाळू, ज्याचा त्याचा पाळणा, ज्याची त्याची गाडी, थेट आपल्या जत्रेसारखं. १८८४ मध्ये लामार्कस थॉम्प्सननं तिथं उताराची रेल्वे सुरू केली, पाच सेंटला एक खेप, वेग ताशी सहा मैल. रोलर कोस्टरचं घराणं तिथून सुरू होतं. ज्याला बसायचं त्यानं पाच सेंट द्यावेत. त्याच्या आईनं खाली वाळूत बसून राहावं, तिला कुणी काही विचारत नसे. १८९५ मध्ये पॉल बॉयटननं सभोवार कुंपण घालून, दारात पैसे घेऊन सी लायन पार्क काढलं. दोनच वर्षांनी टिल्यूनं आपल्या स्टीपलचेस पार्कला कुंपण घातलं. कारण असं सांगायचे की कुंपणामुळं भामटे, दारुडे बाहेर राहतील आणि कुटुंबवत्सल लोक आत येतील. दारावरच्या पैशाला कुटुंबाचं नाव तेव्हा पहिल्यांदा जोडलं गेलं. स्टीपलचेस १९०७ मध्ये जळालं तेव्हा टिल्यूनं दुसऱ्याच दिवशी पाटी लावली: जळके अवशेष बघायचे दहा सेंट. माणूस पक्का होता.

आत जे चालायचं त्यात मात्र कुटुंब कमीच होतं. खालून वाऱ्याचा झोत सोडून बायकांचे झगे उडवायचे आणि ते बघायला प्रेक्षक बसवायचे, ही स्टीपलचेसची नामांकित गंमत. १९०३ चं लूना पार्क अडीच लाख दिव्यांनी उजळलेलं असे. गिऱ्हाईक होतं ते गिरण्या-कारखान्यांतल्या तरुण पोरापोरींचं. लहान बाळांना तिथं एकच हक्काची जागा होती आणि ती विलक्षण आहे. मार्टिन कूनी नावाचा गृहस्थ अपुऱ्या दिवसांची बाळं काचेच्या उबदार पेट्यांत ठेवून तिकीट लावून दाखवायचा. बाळांच्या आईबापांकडून तो पैसे घेत नसे. परिचारिका, दूध, पेट्या, सगळा खर्च बघ्यांच्या तिकिटावर. इस्पितळांत तेव्हा अशा पेट्या क्वचितच असत. १९४३ पर्यंत कोनी आयलंडवर हे चाललं आणि त्यातून हजारो बाळं जगली. जत्रेला नावं ठेवताना हे मला नेहमी आठवतं.

१९२० मध्ये न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे पाच सेंटांत थेट किनाऱ्यापर्यंत पोचली आणि रविवारची गर्दी लाखांत मोजली जाऊ लागली. पण कुटुंबानं डबे बांधून सहलीला जायची अमेरिकन जागा कोनी आयलंडपेक्षा वेगळी होती. गावोगावच्या ट्राम कंपन्यांनी रविवारी रिकाम्या धावणाऱ्या गाड्या भरण्यासाठी मार्गाच्या शेवटच्या टोकाला झाडी, बाकं, एखादी चक्री असं उद्यान काढलं होतं. पिट्सबर्गजवळचं १८९८ चं केनीवुड त्यातलंच. पैसे ट्रामच्या भाड्यात मिळायचे, त्यामुळं बाकावर बसणाऱ्याकडून वेगळं काही घ्यायची गरज नव्हती. तीही ट्रामनं आलेली असायची ना! झाडाखाली टेबलं मांडलेली असत, घरून आणलेल्या टोपल्या उघडत. मोटारी आल्या, ट्राम बसल्या, आणि अशी बहुतेक उद्यानं एकामागून एक बंद पडली. पेनसिल्व्हेनियात १९२६ पासून चालत आलेलं नोबेल्स नावाचं एक उद्यान मात्र अजून दारात पैसे घेत नाही. पाळण्यात बसाल त्याचे द्या, डबा खुशाल आणा, टेबलं आहेत. हे वाचलं तेव्हा आईला सांगायला हवं होतं असं वाटलं, पण तोवर ती नव्हती.

आता डब्याच्या गोष्टीची उलटी बाजू. कॅलिफोर्नियात बुएना पार्क इथं वॉल्टर आणि कॉर्डेलिया नॉट हे शेतकरी जोडपं रस्त्याच्या कडेला बेरी विकायचं. मंदीच्या दिवसांत, जून १९३४ मध्ये, कॉर्डेलियानं आपल्या लग्नातल्या चिनी मातीच्या बश्या काढल्या आणि पहिल्या दिवशी आठ माणसांना तळलेल्या कोंबडीचं जेवण वाढलं. ६५ सेंट ताट. चव पसरली. काही वर्षांत रविवारी हजारो पानं उठू लागली, आणि जेवायला ताटकळणाऱ्यांची रांग तासन् तास टिकू लागली. रांगेतल्या पोरांनी काय करायचं? नवऱ्यानं आधी एक धबधबा केला, मग एक बुटका ज्वालामुखी. १९४० पासून त्यानं वाळवंटातल्या ओसाड खाणगावांतल्या जुन्या इमारती आणून अख्खं एक भुताचं गाव उभारायला घेतलं. म्हणजे इतर ठिकाणी पाळण्यासाठी रांग आणि रांगेसाठी खाणं; इथं खाण्यासाठी रांग आणि रांगेसाठी गाव. एका विषयाभोवती रचलेलं उद्यान ही कल्पना पहिल्यांदा कुणाची यावर अभ्यासक भांडतात. माझं मत त्या बाईच्या बाजूनं आहे. तिच्या स्वयंपाकघरात गर्दी झाली नसती तर नवऱ्याला गाव वसवायची गरज पडली नसती. आणि या गावाला १९६८ पर्यंत कुंपण नव्हतं. त्या वर्षी ते घातलं आणि दारात पंचवीस सेंट घेऊ लागले.

नॉटच्या मळ्यापासून अगदी जवळ, अॅनाहाइम गावात, संत्र्यांच्या बागांची १६० एकर जमीन डिस्नेनं घेतली. जागा निवडायला त्यानं स्टॅनफर्ड संशोधन संस्थेकडून पाहणी करून घेतली होती. १९५३ मध्ये धंद्यातल्या जुन्या जाणत्यांना आराखडे दाखवले तेव्हा त्यांनी माना हलवल्या. बिअर नाही, मोठा पाळणा नाही, दार एकच, आणि झाडं-रस्ते यांवर इतका खर्च, ज्यातून एक पैसा मिळणार नाही! म्हणजे बाकावरच्या माणसासाठी जे जे होतं ते सगळं त्यांना फुकट वाटलं. पैशासाठी डिस्नेला एबीसी या दूरचित्रवाणी कंपनीशी करार करावा लागला. एकूण खर्च १ कोटी ७० लाख डॉलर.

१७ जुलै १९५५, रविवार. उद्घाटनाच्या प्रक्षेपणाच्या निवेदकांत रोनाल्ड रेगन हा नट होता. निमंत्रणं मोजकी, पण बनावट पासांमुळं दुपारपर्यंत २८ हजारांच्या आसपास माणसं आत. ऊन मरणाचं. नुकतंच टाकलेलं डांबर विरघळून बायकांच्या टाचा त्यात रुतत होत्या. नळकामगारांच्या संपामुळं संडास आणि पिण्याचं पाणी यातलं एकच वेळेत पुरं होणार होतं. डिस्नेनं संडास निवडले. खाणंही संपलं. म्हणजे ज्या आईबापांना बाकावरून उठवायला हे उभारलं, ते पहिल्याच दिवशी तहानलेले, उपाशी आणि बसायला सावली शोधत फिरत होते. तरी सात-आठ आठवड्यांत दहा लाख लोक येऊन गेले.

याचं कारण उद्यानाच्या रचनेत आहे. सभोवार मातीचा उंच बांध, त्यामुळं आत गेल्यावर बाहेरचं काही दिसत नाही. बांधावरून आगगाडी. बहुतेक वाहनं अशी की सात वर्षांचं मूल आणि सत्तर वर्षांचा आजा शेजारी शेजारी बसू शकतील: होडी, बोट, घोड्यांची ट्राम. अंग घुसळून काढणारं वाहन, म्हणजे पोलादी नळ्यांच्या रुळांवरचं मॅटरहॉर्न, चार वर्षांनी १९५९ मध्ये आलं. आधी एक डॉलर प्रवेश आणि प्रत्येक वाहनाचे वेगळे पैसे. मग लगेच तिकिटांची पुस्तिका निघाली. १९८२ पासून एकाच पासात सगळं. शेवटच्या पद्धतीनं हिशेब सोपा झाला, पण त्याच पद्धतीनं माझ्या आईचं तिकीटही पक्कं झालं. वाहनागणिक पैसे असतात तोवर न बसणाऱ्याला सूट असते. सगळं एकात आलं की दारातल्या मुलाला डोकी मोजण्यापलीकडं काम उरत नाही.

दाराचा आणखी एक किस्सा. सप्टेंबर १९५९ मध्ये सोव्हिएत पंतप्रधान निकिता ख्रुश्चेव्ह लॉस एंजेलिसला आले. त्यांना डिस्नेलँड बघायचं होतं. सुरक्षेचं कारण सांगून नाही म्हटलं गेलं आणि स्वारी भर जेवणात सर्वांसमक्ष चिडली. अणुबाँब बाळगणाऱ्या माणसाला दार उघडलं नाही, यावर वर्तमानपत्रांनी पुष्कळ विनोद केले.

सगळ्याच दारांवर विनोद करता येत नाही. हा भाग मला ठाऊक नव्हता आणि तो वाचल्यावर बाकाचा प्रश्न मला आधीइतका सोपा वाटेना. अमेरिकेतल्या असंख्य उद्यानांत काळ्या कुटुंबांना प्रवेशच नव्हता, किंवा वर्षातला एखादा दिवस राखून ठेवलेला असे. वॉशिंग्टनजवळ ग्लेन एको नावाचं उद्यान होतं. ३० जून १९६० ला हॉवर्ड विद्यापीठातले विद्यार्थी आत शिरले आणि तिथल्या लाकडी घोड्यांच्या चक्रीवर जाऊन बसले. पहारेकऱ्यानं एकाला विचारलं, तुझा वंश कोणता. त्यानं मानववंश असं उत्तर दिलं. पाच जणांना अटक झाली. मग सगळा उन्हाळा दारासमोर निदर्शनं झाली. शेजारच्या वस्तीतले गोरे लोकही पोराबाळांसह फलक घेऊन येत. पुढच्या मोसमात दार उघडलं. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६४ मध्ये शिक्षा रद्द झाल्या. मुद्दा असा की पहारेकरी कंपनीचा नोकर असला तरी त्याच्या अंगावर शेरीफचे अधिकार होते, म्हणजे अडवणारं हे सरकारच होतं.

मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेलं पत्र जगप्रसिद्ध आहे. थांबा म्हणणाऱ्यांना थांबणं का शक्य नाही हे सांगताना ते ज्या गोष्टी मोजतात त्यांत एक मनोरंजन उद्यान आहे. दूरचित्रवाणीवर फनटाउनची जाहिरात लागते, सहा वर्षांची मुलगी मला तिथं ने म्हणते, आणि बापाला तिला कारण सांगावं लागतं. लढ्याच्या इतक्या मोठ्या कागदात पाळण्याचं काय काम, असं आपल्याला वाटेल. महाडच्या तळ्याचा इतिहास ज्यांना माहीत आहे त्यांना वाटणार नाही. पाणी काय किंवा पाळणा काय, ते नाकारलं गेल्याचं पोराला समजावून सांगायची पाळी बापावर येते.

बाल्टिमोरच्या ग्विन ओक उद्यानातही त्याच उन्हाळ्यात शेकडो लोकांना, धर्मगुरूंसकट, अटक झाली. अखेर २८ ऑगस्ट १९६३ ला दार सर्वांना उघडलं. याच दिवशी तिकडं वॉशिंग्टनमध्ये किंग यांचं ते विख्यात भाषण झालं. ग्विन ओकमध्ये आत गेलेल्या पहिल्या काळ्या कुटुंबात वर्षाचीही न झालेली एक मुलगी होती. तिला चक्रीतल्या घोड्यावर बसवलं आणि ती पडू नये म्हणून बाप शेजारी उभा राहून तिला धरून फिरला. ती चक्री १९८१ मध्ये वॉशिंग्टनला नेली आणि जिथं किंग बोलले त्याच विस्तीर्ण हिरवळीच्या कडेला बसवली. डिस्नेची चक्री आणि ही चक्री मी मनात शेजारी शेजारी ठेवतो. एक बाप कंटाळून बाकावर बसलेला. दुसरा घोड्याशेजारी उभा आहे, आणि तिथं पोचायला तुरुंग भरावे लागले आहेत.

डिस्नेलँडच्या दारावर वर्णाची पाटी नव्हती. पण तिथं पोचायला मोटार लागायची आणि राहायला पैसे. राहण्याचा भाग मी थोडक्यात सांगतो, कारण तो मुख्यतः जमिनीच्या व्यवहाराचा आहे. पहिलं डिस्नेलँड हॉटेल ऑक्टोबर १९५५ मध्ये उघडलं ते जॅक रॅथर या निर्मात्यानं बांधलेलं. डिस्नेकडे तेव्हा पैसेच उरले नव्हते. उद्यानाभोवती बघता बघता दुसऱ्यांच्या लॉजांची आणि झगमगत्या पाट्यांची रांग लागली. पाहुणे त्याचे, मुक्कामाचे पैसे शेजाऱ्यांचे. हा धडा घेऊन फ्लोरिडात त्यानं वेगवेगळ्या नावांच्या कंपन्या काढून गुपचूप २७ हजार एकरांवर जमीन घेतली, एकरी सरासरी १८० डॉलरच्या आसपास. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतची मुंबई जेवढी, तिच्या दीडपटीहून मोठी. डिस्ने १५ डिसेंबर १९६६ ला वारला. १ ऑक्टोबर १९७१ ला उद्यान उघडलं ते दोन हॉटेलांसह; एकाच्या पोटातून मोनोरेल धावते. सुट्टी आता एका दिवसाची राहिली नाही. सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंतचं सगळं एकाच मालकाच्या आवारात. राहुट्या ठोकून राहायची जागाही त्याच नोव्हेंबरात निघाली, तेव्हा स्वतःची चूल पेटवायची सोय राहिली, एवढं नोंदवलं पाहिजे.

आणि रांग. इतकी वर्षं या उद्यानांत एक गोष्ट विकत मिळत नव्हती, ती म्हणजे दुसऱ्याच्या पुढं जाणं. डॉक्टर असो की ट्रकचालक, पोराला कडेवर घेऊन पाऊण तास उभं राहायचं. १९९९ मध्ये फास्टपास आला, पण तो फुकट आणि सर्वांना होता. २०२१ मध्ये तो गेला आणि त्या जागी पैसे भरून पुढं जायची सोय आली.

आपल्याकडे हे सगळं तयार होऊन आलं. आमच्या लहानपणी सुट्टी म्हणजे मामाचा गाव आणि गावची जत्रा. लाकडी पाळण्याला चार पेट्या, पाळणेवाला हातानं ओढून फिरवायचा, आणि कुठल्या पोराचे पैसे आले नाहीत हे फिरवता फिरवता त्याच्या लक्षात असायचं. जत्रेला दार नसतं. आजी एका घोंगडीवर बसायची, ती कुणाच्या तरी गाडीच्या सावलीत. तिला तिकीट कोण विचारणार? दिल्लीचं अप्पू घर १९८४ मध्ये उघडलं, आशियाई खेळांच्या हत्तीच्या नावानं. मुंबईला गोराईच्या खाडीपलीकडे १९८९ मध्ये एस्सेल वर्ल्ड झालं आणि लाँचमधून तिथं जाणं हाच अनेकांचा पहिला समुद्रप्रवास ठरला. २०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका आलं. या ठिकाणांनी मध्यमवर्गीय बाईला तिच्या आयुष्यात पहिल्यांदा लोकांसमोर मोठ्यानं किंचाळायची मोकळीक दिली, आणि ती थोडी नाही. माझी बायको त्या दिवशी पाळण्यात अशी हसली, की लग्नाला बारा वर्षं झाली होती तरी मी ते हसू आधी ऐकलं नव्हतं.

खाली आई सामान सांभाळत होती. तिनं सामान सांभाळलं म्हणून ते हसू आलं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

संध्याकाळी दारात डबा परत मिळाला. मेच्या उन्हात दशम्या वाळल्या होत्या, तक्कू मात्र टिकला होता. एसटी स्टँडवरच्या बाकावर आम्ही पाचहीजण बसलो आणि आईनं डबा उघडला. तिनं स्वतः तीन दशम्या खाल्ल्या. मुलानं विचारलं, "आजी, तुझा उपास होता ना?" ती म्हणाली, "सुटला."

पत्र्याचा बिल्ला परत द्यायचा राहून गेला होता. आई गेल्यावर तिची ट्रंक आवरताना तो रेशनकार्डाच्या घडीत सापडला. नंबर ११७.